गाणे आपले, कान कोणाचे?



या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझा विषय छापून आला, त्याच दिवशी आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी मला नाक्यावर गाठले. म्हणाले, "काय हो, साबणाची जाहिरात समजते, खताची समजते, गाण्याची जाहिरात कसली करता? गाणे चांगले असले म्हणजे ते आपल्या पायांनी लोकांकडे जाते." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. वयाने मोठे आहेत, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक आहे असेही मला वाटत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत काही गाणी उंबऱ्यापर्यंतसुद्धा गेली नाहीत, आणि ती वाईट नव्हती. त्यांचे काय झाले ते सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

सध्या महालक्ष्मीची जत्रा भरलेली आहे. येथे येताना आपणांपैकी पुष्कळजण त्या गर्दीतूनच आला असाल. पाळणेवाला कर्ण्यातून ओरडतो, भांडीवाला थाळी बडवतो, कपडेवाला तर टेबलावर चढून नाचतो. आता त्या गर्दीत एखाद्या म्हातारीला पाहा. या सगळ्या कोलाहलातून ती न बिचकता सरळ चालत जाते आणि एका कोपऱ्यात मुकाट्याने बसलेल्या कोयतेवाल्यापुढे उभी राहते. का? तर त्याने गेल्या साली दिलेला कोयता अजून धार धरून आहे, आणि तो माणूस दरसाल त्याच जागी बसतो. ओरडणाऱ्यांपुढे गर्दी जास्त, हे मी नाकारीत नाही. मी एवढेच म्हणतो की, त्या गर्दीतले पुढच्या साली कोण परत येणार हे ओरडणाऱ्याला ठाऊक नसते आणि कोयतेवाल्याला ठाऊक असते. नवा गायक आज ज्या चुका करतो त्यांतल्या बहुतेक मला या एकाच गोष्टीत सापडतात.

मी कोण हे सांगितले पाहिजे, कारण मी गवई नव्हे की विद्वान नव्हे. नाक्यावर माझे कॅसेटचे दुकान होते. पुढे कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. सीड्या गेल्या, मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा आला. तोही गेला आणि आता मी मोबाईल दुरुस्त करतो. म्हणजे गाण्याची चार कातडी मी स्वतः सोलून काढली आहेत. जत्रेत आमचा स्टॉल असे. तेव्हा जे पाप केले तेही आज येथे सांगणार आहे. पण ते त्याच्या जागी सांगेन.

पूर्वीच्या गायकाला श्रोते स्वतः शोधावे लागत नसत. संस्थानिक होते, नाटक मंडळ्या होत्या, पुढे रेकॉर्ड कंपन्या आणि सिनेमा आला. गाणाऱ्याने गावे, ऐकणारे गोळा करण्याचे काम दुसऱ्याचे. त्याबद्दल तो दुसरा आपला हिस्सा घेई, आणि तो पुष्कळदा मोठा असे. आज पाड्यावरचा मुलगा स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, मोबाईलमध्ये ध्वनिमुद्रण करतो आणि रात्री यूट्यूबवर चढवतो. मध्ये कोणी नाही. स्वतंत्र कलावंत म्हणतात तो हाच. पण जो मधला माणूस गेला तो आपले कामही घेऊन गेला, हे या मुलांच्या ध्यानात येत नाही. ते काम आता त्यांच्याच डोक्यावर येऊन पडले आहे.

अशा एका मुलाची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. तो याच तालुक्यातला, वारली समाजातला. आवाज खणखणीत, आणि शब्द लिहिण्याचे अंग उपजत. त्याची आत्या धवलेरी. आपल्यातल्या शहरातून आलेल्या मंडळींसाठी सांगतो: वारल्यांच्या लग्नात विधीची गाणी गाऊन लग्न लावणारी बाई, ती धवलेरी. तिच्यावाचून लग्न लागत नाही. या मुलाने लहानपणी आत्याच्या मागे बसून कितीतरी लग्ने ऐकलेली.

तीनएक वर्षांपूर्वी तो माझ्याकडे आला. "काका, गाणं काढायचं आहे, तुम्हांला धंद्यातलं कळतं." मला कळते असे मलाही वाटत होते. त्याने गाणे म्हणून दाखवले. भाताच्या लावणीचे होते, त्याच्या बोलीत होते. मध्ये एक ओळ तर अशी होती की माझा चहा थंड झाला. आणि मी काय सांगितले? मी म्हणालो, "बाळा, हे तलासरीच्या पलीकडे कोणाला कळायचे नाही. शब्द सोपे कर. थोडी हिंदी घाल. खाली ठोका दे. सर्वांना आवडेल असे कर." तो बिचारा वडीलधाऱ्याचे ऐकणारा. त्याने तसे केले. त्या गाण्यातले जे जे त्याचे एकट्याचे होते ते सारे मी माझ्या अनुभवाच्या जोरावर काढायला लावले, आणि जे उरले ते मुंबईपासून सुरतेपर्यंत कोणीही गाऊ शकला असता.

सर्वांसाठी म्हणून केलेले गाणे हे नव्या माणसाच्या हातून होणारे मोठे नुकसान आहे. बड्या कंपनीला ते परवडते. तिच्यापाशी नट आहे, पैसा आहे, सिनेमा आहे. नव्या माणसापाशी निराळेपणाखेरीज दुसरे भांडवल काय? स्वदेसी या मुंबईच्या रॅप गाणाऱ्या मुलांच्या मंडळीने २०१९ साली 'द वारली रिव्होल्ट' नावाचे गाणे काढले. आरे जंगलातल्या पाड्यांचा प्रश्न त्यात आहे आणि आरेतलेच प्रकाश भोईर त्यात गायले आहेत. नाव घेतले आहे ते आपल्या १९४५ च्या झरी-तलासरीच्या उठावाचे. सर्वांना आवडावे म्हणून ते केलेले नाही हे ऐकताक्षणी कळते. तरी ते दूरवर गेले. कारण ज्यांना ते लागले त्यांनी ते दुसऱ्याच्या हातात नेऊन दिले. कोणी म्हणेल, 'गुलाबी साडी'चे काय? २०२४ च्या सुरुवातीला ते गाणे आले आणि मराठी न समजणारेही त्यावर नाचले. खरे आहे. परंतु जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचे ते पहिले गाणे नव्हे. त्याआधी 'नऊवारी'सारखी त्याची गाणी येऊन गेली होती आणि त्याचा स्वतःचा श्रोता तयार होत आला होता. लोक शेवटची उडी पाहतात आणि म्हणतात, आपणही तेथूनच उडी मारू.

आता खर्चाकडे येऊ. व्याख्यानात पैशाची भाषा बरी दिसत नाही, पण घरे बुडतात ती तेथेच. त्या मुलाने चित्रीकरणासाठी ड्रोन आणला, भाड्याची मोटार आणली, नाचणाऱ्या मुली वसईहून आणल्या. घरातली एक म्हैस विकली गेली. हे मला मागाहून कळले. आधी कळते तर मी थांबवले असते असे आज म्हणतो, पण खरोखर थांबवले असते का, देव जाणे. सारा पैसा गाणे तयार करण्यात गेला, आणि ते लोकांच्या कानांवर नेण्यासाठी चार आणे उरले नाहीत. गाणे चढवले त्या दिवशी त्याने सर्व मित्रांना 'लिंक' पाठवली. आठवडाभर व्हॉट्सॲपवर धुमाकूळ घातला. ज्या गटात मयताची बातमी होती तेथेही हिची लिंक! आणि आठव्या दिवशी सारे शांत. नाटक मंडळीने गावात येऊन एकच खेळ करावा आणि तंबू उपटून निघून जावे, तसे झाले. नाटकवाले तरी शहाणे. ते मुक्काम करीत. पहिल्या खेळाला आलेला माणूस घरी जाऊन सांगे, आणि तिसऱ्या खेळाला त्याचे मेहुणे येत.

आठव्या दिवशी मुलगा घाबरला, आणि घाबरलेल्या माणसाला गिऱ्हाईक समजणारे लोक जगात पुष्कळ आहेत. कोणीतरी फोन केला, इतके पैसे द्या, इतके 'व्ह्यू' देतो. त्याने दिले. आकडा फुगला. गावात पेढे वाटले. मीही खाल्ले.

हा आकडा विकत घेण्याचा रोग किती घातक आहे ते थोडे उलगडून सांगतो, कारण त्यात केवळ पैसा बुडतो असे नाही. यूट्यूब काय किंवा इन्स्टाग्राम काय, ते यंत्र गाणे प्रथम थोड्या लोकांपुढे ठेवून पाहते. ते कितीजणांनी शेवटपर्यंत ऐकले, किती मध्येच उठून गेले, कोणी दुसऱ्याला पाठवले, कोणी दुसऱ्या दिवशी परत लावले, याचा ते हिशेब ठेवते. आणि ज्यांनी ऐकले त्यांच्यासारख्याच आणखी लोकांपुढे नेते. आता तुम्ही खोटे श्रोते आणून बसवले तर यंत्र काय शिकते? हे गाणे लोक उघडतात आणि तत्काळ टाकून देतात, हे शिकते. म्हणजे तुम्ही स्वतःच्या पैशांनी स्वतःच्या गाण्याविरुद्ध साक्षीदार उभे केलेत. शिवाय असे खोटे आकडे सापडले म्हणजे कंपन्या ते पुसून टाकतात, काही वेळा गाणेच काढतात. मध्यंतरी त्याच्या गाण्याचा आकडा एका रात्रीत उतरला. पेढे परत घेता येत नाहीत!

कोणी विचारील, मग किती श्रोते असले म्हणजे पुरे? याचे उत्तर त्या कंपन्यांच्या नियमांतच एका परीने मिळते. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा देण्यासाठी यूट्यूबचा एक प्रमुख नियम असा की, तुमचे १,००० सभासद असावेत आणि मागल्या बारा महिन्यांत तुमची चित्रे एकूण ४,००० तास पाहिली गेलेली असावीत. आपण पाटीवर हिशेब मांडू. गाणे चार मिनिटांचे धरा. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटे. म्हणजे तुमची गाणी साठ हजार वेळा पूर्ण ऐकली गेली पाहिजेत. ऐकून छाती दडपते. पण हेच साठ हजार हजार माणसांत वाटले तर एकेका माणसाने वर्षात साठ वेळा, महिन्यातून पाच वेळा ऐकायचे. ज्याला गाणे मनापासून आवडते तो महिन्यातून पाच वेळा ते लावीत नाही काय? आपले बेंबीच्या देठापासून आवडते गाणे आठवा आणि सांगा. २०११ च्या जनगणनेत डहाणू तालुक्यात चार लाखांवर आणि तलासरीत दीड लाखांवर माणसे होती. त्यांतली हजार! साऱ्या जगाकडे जाण्याआधी या दोन तालुक्यांतली हजार माणसे त्या मुलाने का शोधली नाहीत? केव्हिन केली नावाच्या एका अमेरिकन लेखकाने २००८ साली हाच हजार निष्ठावंतांचा विचार मांडला होता, आणि तेव्हापासून त्यावर पुष्कळ वादही झाला आहे. यूट्यूबचा तो वाटा हातात फार थोडा पडतो, त्यावर संसार चालत नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. पण ही हजार माणसे असली तर हळदीला, गणपतीला, गावदेवीच्या उत्सवाला बोलावणे येते, आणि चूल पेटते ती तेथून.

तानसेन निर्माण करण्यापेक्षा कानसेन निर्माण करावेत, अशा आशयाचे म्हणणे विष्णु दिगंबर पलुस्करांचे म्हणून सांगितले जाते. कुरुंदवाडचा हा मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकला आणि १८९६ साली बाहेर पडला. दरबारातल्या नोकरीत न अडकता त्याने लोकांसाठी तिकीट लावून जाहीर गायन केले. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ साली मुंबईत आणले. स्वतः पुस्तके छापली, मासिक चालवले. त्यांच्या विद्यालयात शिकलेली सगळीच मुले गवई झाली नाहीत. पण घरोघर एकेक कान तयार झाला, आणि त्या कानांवर पुढच्या पिढीतले गवई जगले. एवढे करणाऱ्याच्या हिशेबाची वही मात्र त्यांच्यावर उलटली. मुंबईची इमारत कर्जापायी हातची गेली. बालगंधर्वांची मंडळीही कर्जातच रुतली होती. मोठ्यांच्या चुका आपण कौतुकाने सांगतो आणि लहानांच्या चुकांना हसतो, हे बरे नव्हे.

आता त्या पापाकडे येतो.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानची ध्वनिमुद्रिका झाली. तबकडी तीन मिनिटांची. गाणे संपता संपता ती बाई इंग्रजीत खणखणीत म्हणते, "माय नेम इज गौहर जान." तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, तेथल्या कारागिराला ही कोणाची तबकडी हे कळावे म्हणून तसे बोलण्याची पद्धत होती. कारण काही असो. सव्वाशे वर्षे होत आली, आणि तिचे नाव तिच्याच आवाजात शिल्लक आहे.

मी माझ्या स्टॉलवर काय करीत असे? लग्नात कोणी टेप लावून गाणी भरून आणी. ती मी घेई, शेदोनशे नकला काढी, वर कोणा नटीसारख्या दिसणाऱ्या बाईचे चित्र चिकटवी आणि छापी: 'आदिवासी लग्नगीते'. भाग पहिला, भाग दुसरा. कोण गाते, कोणता पाडा, काही नाही. गाणाऱ्या बायांना पैसा देणे तर दूरच राहिले. त्यांचे नावसुद्धा मी विचारले नाही. विचारायचे असते हेच मनात आले नाही. माल खपत होता.

तो मुलगा मागल्या वर्षी पुन्हा दुकानात आला. गाणे पडल्यावर पुष्कळ दिवस त्याने तोंड दाखवले नव्हते. त्याने फोन काढला आणि एक गाणे लावले. खाली डीजेचा ठोका होता, दर अर्ध्या मिनिटाला डीजे स्वतःचे नाव गर्जत होता, आणि त्या सगळ्याखाली दबलेला एक बाईचा आवाज. म्हणाला, "काका, ही आत्या आहे. हे तुमच्या कॅसेटवरून घेतलंय. वरचं चित्र तुमचंच आहे." चित्र माझेच होते. मग म्हणाला, "माझ्या गाण्यापेक्षा हे कितीतरी जास्त लोकांनी ऐकलंय. आणि आत्याला कोण ओळखतं?"

मला उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही. पण नव्या गाणाऱ्यांना एक काम त्यावरून सांगतो. गाण्याच्या शीर्षकात, वर्णनात, शक्य तर गाण्यातच आपले नाव आणि गाव घाला. दर वेळी एकाच प्रकारे, एकाच अक्षरांत लिहा. आमच्याकडची मुले एका गाण्यावर एक नाव, दुसऱ्यावर टोपणनाव, तिसऱ्यावर मित्राच्या गटाचे नाव घालतात. ज्याला गाणे आवडले तो दुसरे शोधायला जातो आणि रिकाम्या हाताने परततो. तो गेला की गेला. आणि डीजेला गाणे देताना त्याच्या गर्जनेशेजारी तुमचेही नाव असेल एवढी अट घाला. डीजे काही वाईट नसतो. तुमचे गाणे हळदीत तोच वाजवणार आहे. त्याच्याशी ओळख ठेवा.

कागदाचेही सांगतो. या मुलाला एका कंपनीने एक करार पाठवला होता, इंग्रजीत. थोडी रक्कम, आणि गाण्याचे सर्व हक्क कायमचे त्यांचे. तो सही करणारच होता, कारण "कंपनी आली" याचाच त्याला आनंद झाला होता. आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आहे. गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आता कागदावर लिहूनसुद्धा कंपनीला देऊन टाकता येत नाही. हा वाटा गोळा करणारी आयपीआरएस नावाची संस्था १९६९ पासून मुंबईत आहे. ज्याने स्वतः लिहिले, चाल लावली, त्याला तिचे सभासद होता येते. गाणाऱ्याच्या हक्कालाही कायद्यात जागा आहे. सही करण्यापूर्वी आपल्या तालुक्याच्या ठिकाणी वकिलाला कागद दाखवायला काय हरकत आहे? सातबारा आपण दहा जणांना दाखवतो की नाही?

सातबाऱ्यावरून आठवले. या भागातल्या जुन्या माणसांना कूळ म्हणजे काय हे सांगायला नको. राबायचे आपण, पीक काढायचे आपण, आणि मालकाने म्हटले की उठायचे. १९४५ चा उठाव झाला तो काही उगाच नाही. २०२० च्या जून महिन्यात एका रात्री सरकारने टिकटॉक बंद केले. बंदीची कारणे निराळी होती. त्यात मी जात नाही. पण महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली कितीतरी मुले तेथे नावारूपाला आली होती, कोणाचे हजारो, कोणाचे लाखो चाहते होते. सकाळी उठून पाहतात तो काही नाही! एकाही चाहत्याचा पत्ता त्यांच्यापाशी नव्हता. चाहते टिकटॉकचे होते, यांचे नव्हतेच. आज जे इन्स्टाग्रामवर घर बांधून बसले आहेत तेही कूळच आहेत. तेथे राबू नये असे मी म्हणत नाही. जमीन तेथे आहे, पाणी तेथे आहे. पण पीक आपल्या कणगीत आणून ठेवा.

कणगी म्हणजे वही. माझा उपाय इतका साधा आहे की सांगायला संकोच वाटतो. शंभर पानी वही घ्यायची. गाणे आवडले असे जो तोंडाने सांगेल, त्याला विचारून त्याचे नाव, पाडा आणि फोन लिहून घ्यायचा. "पुढचे गाणे आले की कळवू का?" एवढेच विचारायचे. हो म्हणाला तरच लिहायचे, आणि कळवायचे ते क्वचित. रोज सुप्रभात पाठवायचे नाही. नावापुढे काहीतरी टिपून ठेवायचे: याच्या बहिणीचे लग्न माघात आहे, हा वापीला कारखान्यात जातो, याला ते जुने लावणीचे कडवे पाठ आहे. नवे गाणे तयार झाले की जगाला दाखवण्यापूर्वी यांतल्या दहाजणांना समोर बसवून ऐकवायचे आणि त्यांच्या तोंडाकडे पाहायचे. कोणत्या ओळीला त्यांची मान हलते, कोठे ते फोन काढतात, हे यंत्राच्या आधी तुम्हांला कळेल. आणि फुकट कळेल.

हे मला कोठे सुचले ते सांगतो. पावसाळा सरत आला, भात तयार झाले की आपल्या पाड्यांवर तारपा वाजू लागतो. दुधी भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण, एवढ्याचे ते वाद्य. तारपकरी मध्ये, नाचणारे त्याच्याभोवती. तो फिरेल तसा फेर फिरतो, तो सूर बदलील तशी पावले बदलतात. पण तारपकरीही नाचणाऱ्यांच्या दमाकडे पाहूनच सूर बदलतो, हे मी पुष्कळ रात्री बसून पाहिले आहे. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव २०२६ साली पद्मश्रीच्या यादीत आले, तेव्हा सर्वत्र फोटो झळकले. वयाची नव्वदी उलटल्यावर! एवढी वर्षे त्यांना वाजवते ठेवले ते काही वर्तमानपत्रांनी नव्हे; समोर फेर धरणाऱ्यांनी ठेवले. अर्थात मी तारप्याचा फार गोडवा गात नाही. त्यावर पोट भरत नाही, म्हणूनच तरुण मुले तो हाती धरीत नाहीत, आणि सरकारी समारंभात तारपा वाजवून घेऊन चहा-नाश्त्यावर बोळवण करणारेही आपण पाहिले आहेत. कलावंताला बोलावताना बिदागी आधी ठरवावी, आणि कलावंतानेही ती आधी विचारावी. नव्या मुलांची ही एक चूक राहिलीच होती: "नाव होईल, फुकट ये" या बोलावण्याला ते भुलतात. ओळखीच्या लग्नात एखादे गाणे फुकट गावे. मंडपाचा, डीजेचा, आचाऱ्याचा पैसा चुकता होतो तेथे गाणाऱ्याने फुकट जाऊ नये.

त्या मुलाची वही मी परवा पाहिली. त्रेसष्ट नावे आहेत. निम्मी तर एकाच लग्नात मिळाली. आत्या धवलेरी म्हणून गेली होती, हा बरोबर गेला, विधी आटोपल्यावर त्याने लावणीचे ते पहिले गाणे म्हटले. मी बिघडवले होते ते नव्हे, मूळचे. मोबाईलवर कोणीतरी ते टिपले, मागे कोंबडा आरवतो आहे, कोणाचे मूल रडते आहे. ड्रोन नाही, मोटार नाही. ते त्याने चढवले आहे, आणि खाली स्वतःचे, आत्याचे आणि पाड्याचे नाव लिहिले आहे. ऐकणारे अजून थोडे आहेत. पण अर्ध्यावर उठून जाणारे त्याहून थोडे आहेत, आणि वापीच्या कारखान्यात जाणाऱ्या काही मुलांनी निरोप पाठवला आहे की दिवाळीला गावी आलो की येऊ. म्हैस अजून परत आलेली नाही.

आत्याच्या जुन्या गाण्याखाली तिचे नाव लागावे म्हणून मी त्या चॅनेलवाल्याला तीन वेळा लिहिले. अजून उत्तर नाही. माझ्याकडे मूळच्या अकरा कॅसेटी निघाल्या आहेत. त्यांत कोण कोण गायले आहे ते मला ठाऊक नाही. आज ती यंत्रासह येथे आणली आहेत. मागच्या टेबलावर ठेवली आहेत. सभा संपल्यावर आपणांपैकी वडीलधाऱ्या बायाबापड्यांनी थोडे थांबावे आणि ऐकून आवाज ओळखता येतात का पाहावे, एवढी माझी विनंती आहे. वही आणि पेन तेथेच आहे. डहाणूला जाणाऱ्या मंडळींनी आधी ऐकावे, म्हणजे त्यांची शेवटची गाडी चुकणार नाही.